भांडे गल्ली, शेकडा शेहेचाळीस

उदगीरच्या भांडे गल्लीचा आकडा शेहेचाळीसवर गेला, त्या दिवशी अक्षता निडवंचेने पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. मराठवाड्यातल्या एकाही बाजाराने तोवर चाळिशी ओलांडली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या ओंकारने तिला चिडवलं, की स्वतःच्या गावाला ग्रेस मार्क दिलेस वाटतं. अक्षता हसली. ‘स्पंदन’मध्ये ग्रेस मार्क देता येत नाहीत, हे ओंकारलाही माहीत होतं. त्या प्रणालीचा गाभा तिनेच लिहिला होता.

तापाची साथ येऊन तेव्हा पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी ठेवलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. लोक त्याला धापेचा ताप म्हणत. साथ कुठे पसरली आहे हे दवाखान्यांमधून रोज कळत होतं, पण कुठल्या गावाचं पोट कुठवर रिकामं झालंय हे कळायला मार्ग नव्हता. सरकारला बाजाराची खबर मिळते ती जीएसटीच्या विवरणपत्रांतून, आणि ती हातात पडेपर्यंत दीड-दोन महिने उलटलेले असतात. एवढ्या काळात दुकान बुडून दुकानदार गाव सोडून गेलेला असतो.

म्हणून स्पंदन. राज्याचा नकाशा घेऊन त्यावर अर्ध्या किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न विचारायचे. पहिला वीज कंपनीच्या मीटरला: आज किती दुकानं उघडली? दुसरा मोबाइलच्या टॉवरना: दुसरीकडे राहणारी किती माणसं आज इथे येऊन गेली? तिसरा, पेमेंटचं ॲप चालवणाऱ्या एका खासगी कंपनीला: आज किती वेगवेगळ्या माणसांनी इथल्या दुकानांत पैसे भरले? रक्कम आणि नावं द्यायला कंपनी तयार नव्हती. अक्षतालाही ती नको होती. नुसती संख्या पुरे होती.

यामागचं गणित सोपं आहे. एक साक्षीदार चुकू शकतो. पण तीन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगत असतील, तर तिघेही एकाच दिशेने चुकलेले असण्याची शक्यता फार थोडी उरते. तिन्ही उत्तरांची सांगड घालून साथीपूर्वीच्या मानाने बाजार शेकडा किती चालू आहे, तो आकडा निघे. सलग दोन आठवडे तो चाळीसच्या वर राहिला, की चौकोन ‘चालू’ ठरे आणि तिथल्या दुकानदारांना साथीत सरकारकडून मिळणारं निर्वाह अनुदान आपोआप बंद होऊन जास्त गरजू चौकोनाकडे वळे. मध्ये कुणी साहेब नाही, की शिफारस नाही. अक्षताला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. तिच्या वडिलांचं, नागनाथ निडवंचे यांचं, भांड्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. नगरपालिकेच्या बोर्डावर त्यांनी आकडा वाचला होता आणि गल्लीभर सांगून झाला होता.

“अक्षे, आपली गल्ली पास झाली म्हण की,” ते म्हणाले.

गिऱ्हाईक येतंय का, असं तिने विचारलं. चाललंय, असं ते म्हणाले. धंदा कसा आहे या प्रश्नाला आप्पांनी जन्मात दुसरं उत्तर दिलं नव्हतं. मंदी तोंडाने म्हटली की ती घरात शिरते, असं ते मानत.

दोन आठवड्यांनी नियमाप्रमाणे गल्लीचं अनुदान थांबलं. अक्षताच्या पडद्यावर ती एक ओळ होती, त्या आठवड्यातल्या सतरा ओळींपैकी एक.

*

आई फोनवर सांगत असे त्या बातम्यांमध्ये मेहबूबमामूंचं नाव असेच. मामूंचं गाद्या-रजयांचं दुकान आप्पांच्या दुकानाला लागून. उदगीर भागात लग्न ठरलं की भांडी आणि गाद्या एकाच टेम्पोत जातात, त्यामुळे दोघांचा धंदा एकत्र चढे आणि एकत्र उतरे. शाळेतून आल्यावर अक्षता मामूंच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर झोपून जायची आणि आई तिच्या केसांतले धागे वेचत मामूंच्या नावाने बोटं मोडायची.

साथीत लग्नांवर बंदी होती. दुकानं उघडायला मनाई नव्हती, गिऱ्हाइकाला घराबाहेर पडायला होती. अनुदान थांबल्यावर आप्पांनी गोदामातली पितळ मोडीत काढली. मामूंकडे मोडीत काढण्यासारखं काही नव्हतं. तापाच्या रुग्णांसाठी धान्याच्या मोंढ्यात शेड उभारली होती. तिथल्या गाद्या उसवायच्या, आतला कापूस जाळायचा, खोळी उकळून पुन्हा भरायच्या, असं काम निघालं होतं. रोजावर कुणी यायला तयार नव्हतं. मामू गेले.

हे अक्षताने ऐकलं आणि तिला वाईट वाटलं, पण त्याचा आपल्याशी संबंध आहे असं वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मामूंना त्याच शेडमध्ये खाटेवर घेतलं. आई सांगत असताना आप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“तुझ्या यंत्राला सांग,” ते म्हणाले, “मेहबूबच्या दुकानातनं दिवाळीपासून एक उशी विकली गेली नाही.”

अक्षताने लॅपटॉप उघडला. पेमेंट कंपनी फक्त चौकोनाची बेरीज देई, पण वीज मीटर दुकानागणिक होते. मेहबूब पिंजारी, गाळा नंबर बारा: काल उघडं, आज उघडं, महिनाभर रोज उघडं. मामू शेडमध्ये ऑक्सिजनवर होते तेव्हाही.

“आप्पा, मामूंचं दुकान कोण उघडतं?”

“मी. आणि कोण उघडणार?”

मग त्यांनी, त्यात सांगण्यासारखं काही नाही अशा आवाजात, सगळं सांगितलं. सकाळी नऊला गल्लीतले सगळे येतात. शटर वर करतात, झाडून घेतात, दिवा लावून देवाला उदबत्ती ओवाळतात. मग भवानी. दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय दुकानाचा दिवस सुरू होत नाही. साथीपूर्वी पहिल्या गिऱ्हाइकाला आप्पा घासाघीस न करता, वेळेला तोट्यातही, वस्तू देत आणि आलेली नोट कपाळाला लावत. गिऱ्हाईकच येईना तेव्हा बिरादार ट्रंकवाल्याने तोड काढली. प्रत्येकाने शेजाऱ्याला ॲपवरून एक रुपया पाठवायचा. काउंटरवरची डबी बोलते, ‘एक रुपया प्राप्त झाला.’ भवानी झाली. हळूहळू हैदराबादचा साडू, सोलापूरची बहीण, दुबईतला पुतण्या, असे सगळे रोज सकाळी एकेक रुपया धाडू लागले. साडेनऊला शटर खाली.

“मामूची भवानी मी करतो,” आप्पा म्हणाले. “त्याच्या देवाला काय लागतं मला माहीत नाही, म्हणून उदबत्तीच लावतो. रागवायचा नाही तो.”

अक्षताने स्वतःच्या फोनवरचं ॲप उघडलं. पाच महिने, दात घासायच्या आधी, ती स्वतः आप्पांच्या दुकानाला एक रुपया पाठवत होती. आईने सांगितलं होतं, आप्पांना बरं वाटतं.

*

चूक कुठे झाली ते तिने त्याच दुपारी शोधलं. छोट्या दुकानात एक पंखा आणि दोन दिवे, त्यामुळे किती वीज जळली यावरून धंद्याचा अंदाज येत नाही. म्हणून तिने मीटरला एवढंच विचारलं होतं: उघडलं की नाही. टॉवरला विचारलं होतं: माणसं आली की नाही. कंपनीला विचारलं होतं: किती जणांनी पैसे भरले. दिवा, माणूस, रुपया. तिन्ही साक्षीदार एकमेकांना अनोळखी आहेत असं तिने धरलं होतं, आणि तिघांनाही रोज सकाळी एकच रिवाज हाताला धरून घेऊन येत होता. तिघांची साक्ष जुळत होती, म्हणून तर स्पंदनने या आकड्यापुढे ‘विश्वासार्हता अति उच्च’ असं लिहिलं होतं. आणि ही गोष्ट एकट्या उदगीरची नसणार. भवानी सगळ्या राज्यात होते.

स्पंदन चालवणाऱ्या सरकारी कक्षाच्या प्रमुख वर्तक मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. उपाय त्यांच्याकडे तयार होता. रक्कम कळली की रुपया-रुपयाचे व्यवहार गाळता येतील. त्यांनी पेमेंट कंपनीच्या माणसाला पडद्यावर बोलावलं. तो अत्यंत नम्र होता. कंपनी रकमा द्यायला आता तयार होती, नावंसुद्धा. त्या बदल्यात सरकारने दोन गोष्टी द्यायच्या: दुकानागणिक मीटर आणि अनुदानाची यादी.

कंपनी कर्जही देते हे अक्षताला माहीत होतं. मीटर आणि यादी हातात आल्यावर कुठलं दुकान कितव्या महिन्यात मान टाकणार, हे त्या दुकानदाराच्या बायकोच्याही आधी कंपनीला कळलं असतं. कुणाला किती व्याज लावायचं आणि कुणाचा गाळा कितीला मागायचा, तेही. उलट बाजूने, गल्लीत कोण कुणाला कशासाठी पैसे देतं, कोण कुठल्या डॉक्टरकडे जातं, ते सरकारच्या कपाटात कायमचं आलं असतं.

“तू शिफारस दे, मी सही करते,” वर्तक मॅडम म्हणाल्या. “सोमवारी अनुदान सुरू. तुला नको असेल तर दुसरा उपाय सांग. नुसता नकार घेऊन येऊ नकोस.”

अक्षताने चौदा दिवस मागितले. तिच्या मते दुसरा उपाय अगदी सोपा होता.

*

आप्पांनी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. गल्लीतले सगळे मास्क लावून, अंतर राखून उभे आहेत, असं त्यांनी आधी सांगितलं. अक्षताने समजावलं, की दोन आठवडे दुकानं उघडू नका आणि रुपया पाठवू नका. आकडा खाली येईल, खरा होईल, आणि अनुदान परत सुरू होईल.



“म्हणजे आधी पोरीनं आम्हाला पास केलं,” बिरादार म्हणाले, “आणि आता नापास व्हा म्हणायली.”

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, की एवढ्या वर्षांत घरात मयत झाली तरच भवानी चुकली आहे. ज्या दुकानाची भवानी होत नाही ते दुकान मेलेलं असतं. तू आम्हाला सुतक पाळायला सांगतेस. अक्षताने सांगून पाहिलं, की आप्पा, हा फक्त मोजण्याचा प्रश्न आहे. त्यावर त्यांनी विचारलं, की आम्ही रोज नऊला उठून इथे येतो ते कशामुळे, हे तुझ्या यंत्राने मोजलंय का? मोजलं नव्हतं. ट्रंकवाले, कुकर दुरुस्तीवाले, कल्हईवाले असे सगळे एकदम बोलू लागले, आणि बहुतेकांचं म्हणणं आप्पांसारखंच होतं.

शेवटी कुणीतरी शेडमध्ये मामूंना फोन लावला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. मामूंचा श्वास आधी ऐकू आला. शब्द मागून आले.

“नागनाथ, बंद ठेव रे. पोरगी म्हणतीय तर ठेव.” मध्ये लांब धाप लागली. “वरच्याला मी सांगून ठेवतो. सध्या जवळच हाय मी.”

यावर मात्र कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्ली बंद राहिली.

*

आकडा पहिल्या आठवड्यात तेवीसवर आणि दुसऱ्या आठवड्यात चारवर आला. अनुदान सुरू झालं, मागचंही मिळालं. मामू वाचले. ते घरी आले ते अर्ध्या फुप्फुसाने. पिंजणाजवळ बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली, आणि कापूस न पिंजता गादीवाला काय करतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अक्षताने त्या तारखा पुन्हा पुन्हा पाहिल्या. अनुदान थांबलं तो दिवस, मामू शेडमध्ये कामाला लागले तो दिवस. मध्ये पाच दिवस होते.

वर्तक मॅडम खूश होत्या. त्यांनी तिला परिपत्रकाचा मसुदा करायला सांगितला. राज्यातल्या सगळ्या बाजारांना कळवायचं: दुकानदारांनी सांकेतिक व्यवहार करू नयेत, विक्री नसताना दुकान उघडू नये, अन्यथा अनुदानावर परिणाम होऊ शकतो. कंपनीला काही द्यावं लागत नव्हतं आणि खर्च शून्य होता.

मसुदा अर्धा झाला असताना तिने घरी फोन केला. आई म्हणाली, आप्पा झोपलेत. सकाळचे साडेदहा वाजले होते. आई म्हणाली, की हल्ली असंच. दाढी करत नाहीत, उठून बसतात आणि पुन्हा आडवे होतात. बिरादारांचं तर विचारू नकोस, त्यांनी ट्रंका भावाच्या शेतावर हलवल्या आणि गाळ्याला भाडेकरू बघायला सुरुवात केली. एवढे महिने काही विकलं गेलं नाही तेव्हा माणसं धड होती, आणि आता घरात दाणे आहेत तर सगळे असे. मग तिने आप्पांना उठवून फोन दिला.

त्यांनी रागाने काही म्हटलं नाही. अनुदान आलं, रेशन भरलं, मामूला दूध देतो रोज, असं सगळं सांगितलं. मग विचारलं, “अक्षे, जिवंत दिसलो तर खायला मिळत नाही, असंच ना ते?”

तिने मसुदा बाजूला सारून गल्लीचा आकडा पडद्यावर उघडला.

“तसं नाही, मी समजून घ्यायलोय. आता आम्ही परत कधी उघडायचं? यंत्र सांगेल ना?”

हा प्रश्न बरोबर होता आणि तो तिने कधी स्वतःला विचारला नव्हता. तिने खरं ते सांगितलं. यंत्र गल्लीकडे बघतं. गल्लीत हालचाल दिसली की बाजार सावरतोय असं म्हणतं. हालचाल दिसली नाही तर सावरला नाही म्हणतं.

“आणि आम्ही यंत्राकडे बघायचं,” आप्पा म्हणाले.  “मग दोघांनी एकमेकांचं तोंड बघत बसायचं. ते राहू दे. तू सांग. उद्या शटर उघडू का नको?”

समोर पडद्यावर भांडे गल्लीचा आकडा चार होता. गल्लीने शटर उघडलं तर तो किती दिवसांत चाळीसच्या पलीकडे जाईल आणि अनुदान कधी तुटेल, हे राज्यात तिच्याइतकं अचूक कुणाला माहीत नव्हतं.

“अजून थांबा, आप्पा,” ती म्हणाली.

“बरं,” ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारून त्यांनी फोन ठेवला. ते परत आडवे झाले असतील हे तिला फोन ठेवण्याच्या आवाजावरून कळलं.

*

परिपत्रकाचा मसुदा तिने पुढे लिहिला नाही. वर्तक मॅडमच्या खोलीत जाऊन तिने सांगितलं, की जे मी आत्ता माझ्या बापाला सांगितलं ते अकराशे बाजारांना सांगणार नाही. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. नकार घेऊन येऊ नकोस असं मी म्हटलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. अक्षता म्हणाली, की नकार नाही. आकडा चाळीसच्या वर गेला म्हणून अनुदान आपोआप थांबवायचं नाही. थांबवण्याआधी त्या बाजारातल्या पाच दुकानदारांना माणसाने फोन करून विचारायचं.

“लोक खोटं सांगतील,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर आपण मीटरला विचारायला लागलो.”

“काही सांगतील.”

“आणि फोन कोण करणार?”

त्या आठवड्यात चाळीस ओलांडलेले बाजार नऊ होते. मॅडमनी नवांपुरती परवानगी दिली, तीही शुक्रवारपर्यंत. ओंकारने चार घेतले. अक्षताच्या यादीत पहिलं नाव लोह्याच्या एका कापड दुकानदाराचं होतं.

फोन तिसऱ्या खेपेला उचलला गेला. तिने नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं, आणि विचारलं की काल दिवसभरात खरोखर किती गिऱ्हाइकं आली.  पलीकडच्या माणसाने फोनवर हात ठेवून आत कुणाला तरी काही विचारलं. एका बाईचा दबका आवाज आला. मग तो परत आला, आणि त्याचा आवाज बदललेला होता, सरकारी माणसाशी बोलताना होतो तसा मऊ.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला. “आधी एवढं सांगा. किती आली म्हटलं म्हणजे अनुदान बंद होणार नाही?”